शेवटचा भाग राहिलाय

आमच्या हिने एकदा भोईरनानांना "जरा दुधाकडे बघा हं" एवढंच सांगितलं आणि ती खाली भाजीवाल्याकडे गेली. खाली तिला शेजारच्या इमारतीतल्या दोघी भेटल्या, त्यामुळे भाजी राहिली बाजूला. पाऊण तासाने वर आली तेव्हा दूध केव्हाच तापून, गॅस बंद होऊन, साय धरून बसलं होतं. नाना मात्र ओट्यासमोर हात मागे बांधून उभे होते. खरं तर ते आमच्याकडे पाना मागायला आले होते.

"अहो नाना, बसायचं तरी!" ही ओशाळून म्हणाली.

"बसून नाय चालत. एकदा वर आला, गॅस बंद केला. पातेलं अजून गरम हाय, फडक्यानं धरा. चार्ज घेतला?"

"काय घेतला?"

"चार्ज. दुधाचा. तुमी घेतला बोला, म्हणजे मी जातो."

हिने "घेतला" म्हटलं आणि मगच नाना पाना घेऊन समोरच्या दारात शिरले.

अनंत भोईर हे आमचे वरसे गावातले समोरचे शेजारी. धाटावच्या एका केमिकल कंपनीत कंट्रोल रूमच्या पॅनेलवर त्यांनी तेहतीस वर्षं काढली. पॅनेल म्हणजे लाल-हिरव्या दिव्यांची ती लांबलचक भिंत. तिच्यासमोर बसायचं, कुठे ताप वाढतोय, कुठे दाब वाढतोय ते बघायचं. तिथला पहिला नियम असा, की पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन "चार्ज घेतला" म्हणत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. मग घरी लग्न असो, पोट दुखत असो. बाकीचे लोक निवृत्त झाले की असले नियम कंपनीच्या गेटवर ठेवून येतात. नानांनी तो बरोबर घरी आणला.

माझ्या पुतण्याच्या लग्नात कुणीतरी त्यांच्या हाती मठ्ठ्याचा डाव दिला आणि विसरून गेलं. पंगती उठल्या, वऱ्हाड निघालं, मांडववाले खांब काढायला लागले, तरी नाना पिंपाशेजारी उभे. शेवटी मी जाऊन चार्ज घेतला तेव्हा त्यांनी मला पिंपात किती मठ्ठा शिल्लक आहे, तळाला जिरं कसं बसलंय, हे सगळं नीट समजावून सांगितलं. मग ते जेवायला गेले. जेवण संपलं होतं.

निवृत्तीनंतरचा पहिला महिना त्यांनी कसा काढला ते त्यांच्या बायकोला, सुलोचनाकाकूंना विचारा. पहाटे उठायचे, आंघोळ करायचे, डबा भरा म्हणायचे नाहीत एवढंच, पण कंपनीच्या बसची वेळ झाली की गॅलरीत उभे. बस वळणावरून दिसेनाशी झाली की आत येऊन खुर्चीत बसायचे आणि फ्रिजकडे बघत राहायचे. फ्रिजला एक छोटा हिरवा दिवा होता.

"तो दिवा विझला तर ह्यांना कामच मिळंल," काकू म्हणायच्या. पण काळजी त्यांनाही होती.

ह्यावर औषध काढलं ते मुलीने. वैशाली, नानांची एकुलती एक. तेव्हा बी.एड. करत होती. तिने एके दुपारी मोबाईल टीव्हीला जोडला आणि म्हणाली, "बाबा, हे बघा. जगभर नावाजलेली मालिका हाय. ह्यात कंट्रोल रूम हाय."

ती एक विज्ञानमालिका होती. परदेशी, हिंदीत बोलणारी, पाच सीझनची. आपली पृथ्वी सोडून लांबच्या कुठल्यातरी ताऱ्याकडे निघालेलं एक यान, त्यात चारशे माणसं, एक कडक कॅप्टनबाई आणि इंजिनाच्या खोलीत सदानकदा तेलकट हातांनी वावरणारा एक म्हातारा मिस्त्री. शहाण्या लोकांनी तिच्यावर मोठमोठे लेख लिहिले होते. माणसाचं एकटेपण, काळाचं कोडं वगैरे.

नानांनी त्यातलं काही बघितलं नाही. त्यांनी बघितलं ते पॅनेल.

"अलार्म वाजतोय! अरे अलार्म वाजतोय आणि हे मिठ्या मारत बसलेत!" पहिल्याच भागात त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मी धावत गेलो, मला वाटलं गॅस गळतोय. तर नाना टीव्हीसमोर उभे आणि वैशाली सोफ्यावर पोट धरून हसत होती.

तेव्हापासून बापलेकीचा रोज एक भाग ठरला. आम्ही दोघं नवरा-बायकोही अधूनमधून जाऊन बसत असू, मालिकेपेक्षा नानांना बघायला. यानात कुणी वेल्डिंग करायला लागलं की नाना विचारायचे, "परमिट कुठाय? कुणी सही दिली?" परग्रहावरचे लोक दार फोडून आत आले तेव्हा वैशाली घाबरून माझ्या बायकोला बिलगली आणि नाना म्हणाले, "गेटवर एन्ट्री केली का ह्यांची?" नायक अवकाशात तरंगत मरता मरता वाचला, सगळ्यांचे डोळे पाणावले. नानांनी फक्त मान हलवली. "सेफ्टी बेल्ट नाय. ह्याला आमच्याकडं तीन दिवस घरी बसवला असता."

कॅप्टनबाईंबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "सारखी मीटिंग. पॅनेल मोकळा टाकून सगळे मीटिंगला. हा यान फुटायचा नाय तर काय." मिस्त्रीवर मात्र त्यांचा जीव. "तो बघ, पॅनेल सोडत नाय. तो धाटावचा हाय."

"बाबा, तो कुठल्यातरी दुसऱ्याच ग्रहावरचा हाय."

"असंल. पण शिकलाय धाटावला."

काकूंना ह्या प्रकरणात रस नव्हता. त्यांची सासू-सुनांची मालिका संपली की यानाला जागा मिळे. "ह्यांचा यान अजून उतरला नाय व्हय गो?" असं विचारून त्या लसूण सोलायला बसत. पण मिस्त्रीला ताप आला त्या दिवशी त्यांनीही सोलणं थांबवून विचारलं, "त्याला कोण घरचा नाय का?"

असं करत करत पाचव्या सीझनचा शेवटचा भाग तेवढा राहिला, आणि वैशालीचं लग्न निघालं.

जावई नानांनी पॅनेलवर पारखून घेतला होता. नितीन त्यांच्याच हाताखाली शिकाऊ म्हणून लागला होता. एकदा त्याचा रिलीव्हर वाटेत मोटारसायकलवरून पडला आणि आलाच नाही. पोराने लागोपाठ दुसरी पाळी केली, खुर्ची सोडली नाही, तोंडातून तक्रारीचा शब्द काढला नाही. नाना घरी आले आणि काकूंना म्हणाले, "मुलगा बघितला." पत्रिका, घर, शेत, सगळी चौकशी त्यानंतर झाली. नितीनचं घर पेणला, नोकरी मात्र धाटावलाच. वैशालीलाही पेणच्या एका शाळेत नोकरी मिळाली. सगळं चांगलं जुळून आलं.

लग्नाच्या गडबडीत शेवटचा भाग बघायला कुणाला वेळ? पाठवणीच्या वेळी सगळे रडत असताना वैशाली बापाच्या गळ्यात पडून काहीतरी पुटपुटली. आमच्या हिला वाटलं, आईला सांभाळा वगैरे म्हणत असेल. हिने नंतर विचारलं तर नाना म्हणाले, "शेवटचा भाग राहिलाय बोलली. माज्याशिवाय बघू नका बोलली."

झालं. नानांनी तो भाग राखून ठेवला. आणि राखून म्हणजे किती? अडीच वर्षं.

ह्या अडीच वर्षांत तो शेवट मी बघून बसलो, हा माझा गुन्हा. एका रविवारी घरी काही उद्योग नव्हता, लावला आणि बघितला. दुसऱ्या दिवशी जिन्यात नाना भेटले आणि एक नजर टाकून म्हणाले, "बघितलात." मी कबूल केलं. "काय सांगू नका, सर. आणि माज्याकडं बघूही नका. तुमच्या तोंडावर सगळा दिसतो." पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यापलीकडच्या मीटरच्या पेटीकडे बघत असत. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय, पण माझ्या तोंडावर उत्तर दिसतं असं कुणी म्हटलं नव्हतं.

मला खरी काळजी वेगळीच होती. तो शेवट नानांना सोसेल का? ते यान अखेर पोचतं. सगळे छोट्या छोट्या होड्यांत बसून खालच्या हिरव्या ग्रहावर उतरतात. पण इंजिन स्थिर ठेवायला वर कुणीतरी थांबायला हवं असतं. मिस्त्री थांबतो. आणि त्याला सोडवायला कुणीही येत नाही.

आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर रिलीव्हरवर विश्वास ठेवला त्याला हे दाखवायचं कसं?

पण दाखवायची वेळच येईना. पहिल्या दिवाळीला वैशाली आली, टीव्ही लावला आणि लाईट गेली. बाळंतपणासाठी ती तीन महिने माहेरी होती, तेव्हा तर योग हातात होता. पण काकू दारात आडव्या आल्या. "त्यात धडाधड सगळा फुटतो. पोटुशी बाईनं तसला नाय बघायचा." नाना म्हणाले, आवाज बंद करून बघू. काकू म्हणाल्या, बाळाचं नाव यानावरून ठेवायचंय का? मुलगी झाली, नाव आरोही ठेवलं आणि माहेरपणातल्या राहिलेल्या सगळ्या रात्री आणि सगळे दिवस तिनेच घेतले.

मग गेल्या माघात एक रविवार ठरला. वैशाली सकाळी आरोहीला घेऊन आली. नितीनची पहिली पाळी होती, ती सुटली की तो धाटावहून सरळ वरशाला येणार, पोरीला घेऊन नदीकडे फिरायला जाणार, आणि तेवढ्या तासाभरात बापलेक यान उतरवणार. नानांनी सकाळीच रिमोटचे सेल बदलून ठेवले होते. काकू भजनाला गेल्या होत्या, त्यांना मुद्दाम लवकर पाठवलं होतं. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

साडेतीन झाले, चार झाले. आरोहीने घर डोक्यावर घेतलं. तिला बापाशिवाय कुणी चालत नव्हतं. आजोबांनी खुळखुळा वाजवला, पातेलं वाजवलं, शेवटी कंपनीतला भोंगा तोंडाने वाजवला, त्याने ती जास्तच रडायला लागली. आणि फोन आला.

"बाबा," पलीकडून नितीनचा आवाज, "माजा रिलीव्हर आला नाय. साहेब बोलतात थांबायचा तर थांब, नायतर बघू काय तरी. येऊ का निघून?"

मी नानांकडे बघत होतो. समोर टीव्हीवर तो भाग नावासकट थांबवून ठेवलेला. लेक पोरीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. एक "ये" म्हटलं असतं की झालं असतं. नानांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

"येऊ का काय विचारतो? पॅनेल सोडून येणार? बस तिथंच."

फोन ठेवला आणि मग त्या न आलेल्या रिलीव्हरला त्यांनी जे काही ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. वैशालीला दुसऱ्या दिवशी शाळा होती. संध्याकाळच्या गाडीने ती पेणला गेली. नाना तिला स्टेशनवर सोडून आले, टीव्ही बंद केला आणि फ्रिजजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"नाना, तुम्हीच जा की एखाद दिवस पेणला," मी म्हटलं.

"बघू," ते म्हणाले. हे मी त्यांना आधीही पाच-सहा वेळा सुचवलं होतं आणि दर वेळी ते "बघू" म्हणाले होते.

आषाढात मला पेणला जायचं होतं. आमच्याकडे गणपती पेणचाच लागतो आणि मूर्ती कारखान्यात जाऊन, रंग लागायच्या आधी बघून ठरवायची हा हिचा हट्ट. मी नानांना म्हटलं, गाडीत जागा आहे, चला. ते लगेच "चला" म्हणाले आणि खाली जाऊन गाडीचे चारही टायर दाबून आले.

वडखळला नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. नाना एरवी ह्या जागी सगळ्या वाहतूकखात्याला चार गोष्टी सुनावतात. त्या दिवशी त्यांचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. मांडीवर एक पिशवी होती, ती ते सारखी उघडून बघत होते. काकूंनी आंबोशीचं लोणचं दिलं होतं.

कारखान्यात आमची मूर्ती ठरायला दहा मिनिटं लागली. मग आम्ही वैशालीच्या घरी गेलो. नितीन घरी होता. त्याने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, आरोहीला उचललं आणि म्हणाला, "बाबा, आज माजा वीकली ऑफ हाय. तुमी दोघं बसा. मी हिला आत घेतो." त्याने आतलं दार लावून घेतलं. मला वाटतं, माघातल्या त्या रविवारचं त्याच्याही मनाला लागून राहिलं असावं.

वैशालीने टीव्ही लावला. ती बारीक झाली होती. सकाळी शाळेच्या पेपरांचा गठ्ठा, त्यात आरोहीचे दात येत होते. तरी ती सोफ्यावर पाय वर घेऊन, माहेरी बसायची तशी बसली आणि म्हणाली, "बाबा, आज एकपण प्रश्न विचारायचा नाय हां."

"एक विचारीन."

"एकच."

भाग सुरू झाला. यान ग्रहाच्या जवळ आलं. अलार्म वाजला. मी नानांकडे बघितलं, आता ओरडणार. पण ते ओरडले नाहीत. कारण सातव्या मिनिटाला वैशालीची मान कलली आणि त्यांच्या खांद्यावर आली. ती गाढ झोपली होती.

नानांनी माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मोकळ्या हाताने रिमोट घेतला आणि आवाज कमी करत करत इतका कमी केला की आख्खं यान पेटलं तरी आम्हाला स्वयंपाकघरातला नळ ठिबकल्याचं ऐकू येत होतं. थांबवतील असं मला वाटलं होतं. त्यांचं बोट त्या बटणावर गेलंही. पण ते थांबले नाहीत, बघत राहिले. अडीच वर्षं वाट बघितलेला शेवट त्यांनी जवळजवळ मुका बघितला.

होड्या खाली गेल्या. कॅप्टनबाई गेल्या. मिस्त्री पॅनेलसमोर बसला. नानांचे ओठ हलत होते. मी जरा वाकलो तेव्हा कळलं, ते म्हणत होते, "कोण तरी जा रे. कोण तरी जा."

कुणी गेलं नाही. मिस्त्रीने स्वतःसाठी कपभर काहीतरी गरम ओतून घेतलं, खिडकीतून खाली बघितलं, आणि मालिका संपली. मला तो शेवट पहिल्यांदा बघताना एवढा लागला नव्हता. नानांचा डावा हात लेकीच्या भाराने बधिर झाला असणार, उजव्याने त्यांनी चष्मा काढून डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसले. मग रिमोट उचलला आणि भाग मागे नेऊ लागले. होड्या उलट्या वर आल्या, कॅप्टनबाई परत आल्या, आग विझली. सातव्या मिनिटाशी आणून त्यांनी तो थांबवला. मग डोळे मिटून, तोंड अर्धवट उघडं टाकून मागे टेकले.

वीसेक मिनिटांनी आत आरोही रडली आणि वैशाली दचकून उठली. "बाबा! संपला? काय झालं शेवटी?"

नाना डोळे चोळत उठले. "काय ठाऊक गो. मी पण झोपलो. हा बघ, इथंच थांबलाय."

"शी! मला उठवायचं नाय व्हय? सर, तुमी तरी?"

मी म्हटलं, प्रवासाने माझाही डोळा लागला. माझ्या तोंडाकडे तिने बघितलं नाही, हे माझं नशीब.

"परत राहिला बघा," ती म्हणाली आणि हसली. "आता पुढच्या रविवारी या. चहा आधी पिऊन बसू."

"बघू. तुला जमंल तसा. घाई नाय."

परत येताना वडखळ सुटेपर्यंत मी कळ काढली. मग विचारलं, "नाना, खोटं का बोललात?"

त्यांनी खिडकीची काच खाली केली. "संपला बोललो असतो तर ती बोलली असती, बरं झालं बाबा, एकदाचा झाला. मग मी पुढल्या रविवारी काय बोलून जाऊ?"

"अहो, लेकीकडे जायला काही बोलावं लागतं का?"

"तिची आई जाते. लोणचा घेऊन जाते, पापड घेऊन जाते, पोरीला तेल लावायला जाते. तिला काय ना काय असतं. बापाकडं काय असतं, सर? नुसता बसून तिच्या तोंडाकडं बघायला आलोय असं बोलता येत नाय ना जावयाच्या घरी."

नागोठणं गेलं, भाताची रोपं लावायला वाकलेल्या बायका दिसत होत्या, नाना रिकामी पिशवी नीट घडी घालून मांडीवर धरून बसले होते. वरशाला पोचलो तेव्हा काकू आणि आमची ही दोघी गॅलरीत उभ्या होत्या.

"मूर्ती ठरली का हो?" हिने वरूनच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मनासारखी मिळाली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जावं लागेल."